हॉट मिल्क : आईला हवं ते पाणी कुठल्याच बाटलीत नाही

डेबोरा लेव्हीची हॉट मिल्क काल रात्री संपली. छोटी कादंबरी आहे, दोनशेच्या थोडी वर पानं, मला वाटलेलं दोन दिवसात होईल पण लागले बारा, कारण मी वाचते ते नेरूळ ते ऐरोली ट्रेनमध्ये आणि हे पुस्तक असं आहे की चार पानं झाली की मांडीवर ठेवून नुसतं खिडकीबाहेर बघत बसावं लागतं. एकदा तर ऐरोली मागे गेलं, दिघ्याला उतरून परत फिरले.

गोष्ट तशी साधी. सोफिया पंचवीसची, लंडनला राहते, मानववंशशास्त्र शिकलेली पण पीएचडी अर्धवट सोडून कॉफी शॉपमध्ये काम करते. तिची आई रोझ, तिचे पाय चालत नाहीत, म्हणजे कधी चालतात कधी नाही, आणि का ते आजवर एकाही डॉक्टरला सांगता आलेलं नाही. मग घर गहाण टाकून २५,००० युरो उभे केलेत आणि दोघी स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरियाला एका खासगी क्लिनिकमध्ये आल्यात, डॉक्टर गोमेझ नावाच्या माणसाकडे. समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, ऑगस्टचं ऊन, मागे वाळवंटासारखा प्रदेश, टोमॅटो पिकवायला घातलेलं पांढरं प्लास्टिक, आणि पाण्यात जेलीफिश. सोफिया पोहायला जाते, अंगभर चटके घेऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

आता मला जे सांगायचंय ते. रोझला तहान लागते आणि सोफिया पाणी आणते आणि ते पाणी कधीच बरोबर नसतं. कुठलंही आणा, उकळून आणा, गार करून आणा, चुकीचंच. हे वाचताना मला श्रावणबाळच आठवत राहिला. आपल्याला लहानपणी सांगितलेली गोष्ट, कावड खांद्यावर आणि आई-बाबांसाठी पाणी आणायला गेला आणि बाण लागला. त्या गोष्टीत आपण सगळे दशरथाचं काय झालं तेच ऐकतो, तो मुलगा स्वतःसाठी कधी पाणी प्यायला का हे कुणी विचारत नाही. लेव्ही अख्खं पुस्तकभर तेच विचारते, आणि आवाज न चढवता विचारते.

जेलीफिश चावल्यावर किनाऱ्यावरच्या उपचाराच्या खोपटात सोफियाकडून एक फॉर्म भरून घेतात, नाव, वय, देश, व्यवसाय. व्यवसायापाशी तिचं पेन अडतं. एवढासा प्रसंग आहे पण मी तिथे खूप वेळ थांबले. कारण तोवर आपल्याला वाटत असतं की आईने हिला जखडून ठेवलंय, आणि तिथून हळूहळू दिसायला लागतं की ही पण आईच्या दुखण्याला धरून बसलीये. आई बरी झाली तर हिला स्वतःचं काहीतरी सुरू करावं लागेल ना. आईच्या पायांवर लक्ष ठेवता ठेवता ही स्वतः लंगडायला लागते. दोघी एकमेकींना सोडत नाहीयेत, एकटी आईच नाही.

माझ्या आईचे गुडघे गेलेत, भाऊ पुण्याला, मी आणि ती दोघीच राहतो. तीन वर्षांपूर्वी मला ऑफिसकडून बंगळुरूला जायची संधी आलेली, मी नाही म्हटलं, सगळ्यांना सांगितलं आईमुळे. आईने मला थांब असं एकदाही म्हटलं नव्हतं. हे मी पुस्तक वाचेपर्यंत स्वतःशीही बोलले नव्हते, म्हणून इथे लिहितेय.

गोमेझ हे पात्र मला फार आवडलं. बरा डॉक्टर आहे की भोंदू हे शेवटपर्यंत पक्कं होत नाही. तो रोझच्या गोळ्या बंद करत जातो आणि सोफियाला सांगतो की थोडी धीट हो, काहीतरी चोर. ती बाजारातून मासा चोरते! मी ते वाचलं रविवारी, दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून आल्यावर, आणि डोळ्यासमोर आलं की आपल्याकडच्या मावशींच्या टोपलीतून पापलेट उचलायचं म्हणजे काय छाती लागेल. तो मासा हातात असतानाची सोफिया पहिल्यांदा जिवंत वाटते.

मधे ती बापाला भेटायला अथेन्सला जाते. तो यांना सोडून गेलेला, आता तरुण बायको आणि तान्ही मुलगी. इथे लेव्ही जरा कमी चमकदार लिहिते आणि म्हणूनच जास्त लागतं, बाप वाईट वागत नाही, फक्त त्याच्या घरात हिच्यासाठी जागाच नाही.

खटकलं ते पण सांगते. इन्ग्रिड नावाची जर्मन मुलगी आहे, सोफिया तिच्या प्रेमात पडते, तो भाग मला ओढूनताणून वाटला, दोघींचे संवाद माणसं बोलतात तसे नाहीत. आणि खुणा फार पेरल्यात, जेलीफिश, साप, साखळीला बांधलेला कुत्रा, फुटलेला लॅपटॉप, प्रत्येकाचा अर्थ लावत बसलं की दमायला होतं. कुत्र्याचा भाग मात्र गाळून वाचू नका, तो हवाच. शेवट सांगत नाही, व्हीलचेअर आणि रस्ता एवढंच लक्षात ठेवा.

इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी आहेत, पण धावत वाचायला गेलात तर हातात काही राहणार नाही. २०१६ ला बुकर पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमध्ये होती. २०२५ ला सिनेमाही आलाय, एमा मॅकी आणि फियोना शॉचा, मी अजून बघितला नाही. घरात आजारी माणूस आहे आणि आत्ता खूप थकलेले असाल तर थोडं थांबून वाचा, बाकी सगळ्यांनी घ्या.

आई परवा म्हणाली, एवढं काय वाचतेस गं. म्हटलं एक मुलगी आणि तिची आई. मराठीत आहे का? नाही. मग तू सांग. म्हणून रोज जेवण झाल्यावर थोडं थोडं सांगतेय, मासा चोरण्यापर्यंत आलोय. काल तिने विचारलं, ती पोरगी समुद्रावर जाते तेव्हा तिची आई एकटी घरात काय करत असते? मी पानं उलटून बघितली. सगळं सोफियाच्याच तोंडून आहे, मधे कुणीतरी तिला लांबून बघतंय असे छोटे तुकडे आहेत तेवढेच. रोझ एकटी असताना काय करते ते पुस्तकात कुठेच नाहीये.