चॅट्सवर्थ हाउस : आधी बाग, मग महाल

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात डरवेंट नदीकाठी उभे असलेले चॅट्सवर्थ हाउस पाहायचे, तर महालात शिरण्याआधी बागेत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश (१७९०–१८५८) हे पिढीजात जमीनदार. १८११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना या वास्तूबरोबर इंग्लंड आणि आयर्लंडमधील अफाट जमीन वारशाने मिळाली. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले आणि बांधकामे, पुस्तके, पुतळे व झाडे यांवर सढळ हाताने, खरे तर बेहिशेबी, खर्च करत राहिले. ती हौस दिवाणखान्यांपेक्षा उघड्यावर अधिक नीट कळते.

लांबट तळ्यातील एम्परर कारंजे हे त्याचे उत्तम उदाहरण. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येण्याची शक्यता होती म्हणून १८४४ मध्ये ते घाईने उभारले गेले. त्यासाठी वरच्या माळावर आठ एकरांचा तलाव खोदून पाणी नळाने खाली आणले. येथे कोणताही पंप नाही. पाणी उंचावरून आल्याने निर्माण होणाऱ्या दाबावरच कारंजे उडते आणि त्याने एके काळी २९६ फुटांची उंची गाठल्याची नोंद आहे. झार आलेच नाहीत. नाव तेवढे त्यांच्यासाठी राहिले.

हे काम ज्याने केले तो जोसेफ पॅक्स्टन १८२६ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, येथे मुख्य माळी झाला. त्याने ड्यूकसाठी २७७ फूट लांबीचे काचगृह बांधले. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी आतली झाडे मेली, आणि १९२० मध्ये ते काचगृह सुरुंग लावून पाडावे लागले. त्याच्या जागी आज कुंपणझाडांचा भूलभुलैया आहे. तेथे थांबून उरलेल्या भिंती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाजारात सर्वत्र दिसणाऱ्या कॅव्हेंडिश केळ्याचे नावही याच घराण्यावरून पडले, कारण १८३५ मध्ये पॅक्स्टनने ती केळ येथे फुलवली होती.

महालातील दालने भव्य असली, तरी सोनेरी छतांचा आणि चित्रांचा मारा लवकरच थकवतो. त्याला अपवाद सहाव्या ड्यूकने बांधवून घेतलेल्या शिल्पदालनाचा. वरून येणाऱ्या प्रकाशात इटालियन शिल्पकार कानोव्हाने घडवलेला निद्रिस्त एन्डिमियन (ग्रीक पुराणकथेतील देखणा तरुण) पाहताना हा माणूस नुसता खर्चिक नव्हता, त्याला नजर होती, हे मान्य करावे लागते.

मात्र त्याच नजरेला समोरचे गाव खुपले. एडेन्सर गावातील घरे महालातून दिसू नयेत म्हणून त्याचा बराच भाग आधीच हटवला गेला होता. सहाव्या ड्यूकच्या काळात १८३८ नंतर उरलेले गावही नव्याने वसवण्यात आले. नवी घरे देखणी आहेत, एकासारखे दुसरे नाही. पण जमीन एकाच्या मालकीची असली की गाव कुठे असावे हेही तोच ठरवतो, ही गोष्ट येथे चालताना सतत जाणवते. बागेनंतर या गावासाठी तासभर राखून ठेवावा. तेथील चर्चच्या आवारात ड्यूक आणि पॅक्स्टन दोघांचीही थडगी आहेत, आणि त्यांतले माळ्याचे थडगे अधिक मोठे आहे.