ना लेव्हल, ना स्कोअर: वाळूच्या गेमसोबत आठ महिने

या गेममध्ये जिंकायला काही नाही. काळा स्क्रीन आणि खाली पदार्थांची पट्टी: वाळू, पाणी, तेल, लाकूड, दगड, आग, आम्ल. पदार्थ निवडून बोट फिरवलं की तो पडायला लागतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत सगळं करून झालं असं वाटलं आणि मी तो काढूनच टाकणार होते.

राहिला तो एका धरणामुळे. दगडाची भिंत बांधली, मागे पाणी भरलं, भिंतीत लाकडाचा दरवाजा ठेवला आणि त्याला आग लावली. लाकूड जळलं, भोक पडलं, पाणी सुटलं आणि त्याच पाण्याने आग विझवली! दरवाजा अर्धाच जळलेला. मग वरून तेल ओतून पुन्हा आग लावली, तर तेल पाण्यावर तरंगलं आणि आग वरच्या वर भडकत राहिली. शेवटी आम्लाने काम झालं. रात्रीचा एक वाजला होता, आणि हे कर म्हणून मला कोणी सांगितलंही नव्हतं.

आतली यंत्रणा साधी आहे. स्क्रीनचे बारीक चौकोन पाडलेले असतात. वाळूचा कण फ्रेमगणिक, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बदलेल तितक्या वेळा, बघतो, खाली जागा आहे का. नसेल तर तिरका सरकतो. पाणी आडवंही जातं. बस. म्हणून ढिगाचा उतार कायम ४५ अंशांचा पडतो. खरी कोरडी वाळू साधारण ३०-३५ अंशांवरच थांबते. एकदा हे लक्षात आलं की सगळे डोंगर सारखेच दिसायला लागतात.

खरी निराशा पाण्याने केली. इंग्रजी यू अक्षरासारखी नळी काढून डावीकडून पाणी ओतलं. डावी बाजू काठोकाठ भरली, उजवीकडे मात्र पाणी तळाशीच. दोन्हीकडे पातळी सारखी व्हायला हवी, पण या गेमला दाब ठाऊकच नाही. कारंजं विसरा. दोन आठवडे मी नळीत गळती शोधत होते, हा माझा वेडेपणा.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. बारीक काम बोटाखाली झाकलं जातं. सेव्ह करायला एकच जागा, त्यात माझा एक मोठा चक्रव्यूह नवीन चित्राखाली गेला. आवाज मी पहिल्या आठवड्यातच बंद केला.

सध्या वाळूचं घड्याळ करतेय. मधली वाट एका कणाएवढी ठेवली तर फ्रेमगणिक एक कण पडतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर मिनिटाला ३६०० कण. मोजून भरले. फोन थंड असताना घड्याळ बरोबर चालतं. पण बाजूच्या कोपऱ्यात पाणी भरून ठेवलंय, तेही सारखं हलत असतं; त्याने फोन तापतो, फ्रेम कमी होतात आणि माझं मिनिट सत्तर सेकंदांवर जातं. पाणी काढून टाकायला मन होत नाहीये, त्यात कालच एक होडी बसवलीय.