डब्यावरचे साडेचारशे वॅट: गाडीचे स्पीकर स्वतः बसवणाऱ्यांसाठी एक अनुभव

गाडीतले स्पीकर स्वतः बसवणारा ग्राहक काही दुकानदारांना विशेष सोयीचा वाटतो, कारण माल खोटा निघाला तरी त्याचा दोष ग्राहकाच्याच जोडणीवर ढकलता येतो. पुण्यात नाना पेठेच्या परिसरातील एका दुकानाने माझ्याशी नेमका हाच डाव खेळला. तो कसा खेळला जातो हे कळले, तर इतरांना तो वेळीच ओळखता येईल, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या दारांतील मूळ स्पीकरांचे कागदी कोन फाटले होते. त्यांच्या जागी साडेसहा इंची, चार ओहमचे कोअ‍ॅक्सिअल (म्हणजे मोठ्या कोनाच्या मध्यभागीच उंच सुरांचा छोटा स्पीकर असलेले) स्पीकर आणि पुढे कधीतरी अ‍ॅम्प्लिफायर लावता यावा म्हणून तांब्याची वायर, एवढाच माल मला हवा होता. दुकानात फळीवर लावलेली जोडी वाजवून दाखवण्यात आली आणि ती अस्सल होती, याबद्दल मला आजही शंका नाही. हातात पडला तो मात्र आतल्या खोलीतून आणलेला सीलबंद खोका. त्यावर एका नामांकित कंपनीचे नाव, ‘४५० वॅट’ हा ठळक आकडा आणि ‘सील फोडल्यास माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. पक्के बिल घेतल्यास किंमत वाढेल, असे सांगून दुकानदाराने कच्ची पावती पुढे केली. मी पक्के बिल घेतले आणि पैसे यूपीआयने दिले. पुढे जे काही हाती लागले ते या दोन नोंदींमुळेच.

वॅटच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेकांची दिशाभूल तिथूनच सुरू होते. स्पीकर सलग किती शक्ती पेलतो हे ‘आरएमएस’ या मापातून कळते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो, आणि नकली मालावर तर त्याला कसलाच आधार नसतो. डेकवर, म्हणजे गाडीच्या म्युझिक प्लेयरवर, छापलेल्या ‘५० वॅट गुणिले ४’ची गतही वेगळी नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात, आणि तेवढ्यावर डेकमधला अ‍ॅम्प चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात प्रत्येकी पंचवीसएक वॅटपेक्षा जास्त देऊच शकत नाही. डेकच्या मागचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टने गुणून पाहावे: चारही स्पीकर आणि वाया जाणारी उष्णता मिळून १४० वॅट होतात. ज्याला डेकवरच स्पीकर चालवायचे आहेत, त्याने साडेचारशेच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही.

खोका मी घरी मोबाइलवर चित्रण करीत उघडला आणि दाराचा एकही स्क्रू काढण्यापूर्वी दोन्ही स्पीकर तपासले. चुंबकावर जाड रबरी टोपी होती. ती ओढून काढल्यावर आत टोपीच्या निम्म्या व्यासाचे चुंबक निघाले. ‘थ्री-वे’ म्हणून मधल्या पट्टीवर जे छोटे ट्वीटर (उंच सुरांचे स्पीकर) दिसत होते, त्यांतल्या एकालाच वायर आणि कपॅसिटर जोडलेला होता, बाकीचे नुसते चिकटवलेले प्लॅस्टिक होते. मल्टिमीटरवर चार ओहमच्या स्पीकरची कॉइल साधारण तीन ते चार ओहम दाखवते. इथे एकाने साडेतीन दाखवले आणि दुसऱ्याने जवळजवळ सात, म्हणजे आठ ओहमचा स्पीकर चारच्या लेबलाखाली खपवलेला होता. मग दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून पाहिला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावले की कोन बाहेर यायला हवा, पण एका स्पीकरचा आत गेला, कारण त्यावरच्या खुणाच उलट्या छापलेल्या होत्या. अशी जोडी तशीच बसवली असती, तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे गेला असता, खर्ज विरला असता आणि दुकानदाराने तत्परतेने सांगितले असते की वायर तुम्हीच उलटी जोडली.

तसे तो म्हणालाच. स्पीकर गाडीला लागलेलेच नाहीत हे चित्रण दाखवल्यावर त्याने बोट सीलच्या शिक्क्याकडे वळवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र वेगळे सांगतो: बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते; बिल न देणे हेही त्याच व्याख्येत येते. मी खोक्यावरचा अनुक्रमांक मूळ कंपनीला कळवला, तेव्हा हा माल आमचा नाही असे तिचे लेखी उत्तर आले. ते जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर स्पीकरांची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. सोबत ‘गोडाऊनवाल्याची चूक’ असे एक स्पष्टीकरणही आले, ज्यावर विश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

वायरीच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच होता. लालसर दिसणारी तार ब्लेडने खरवडताच आत पांढरी निघाली, म्हणजे ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार होती. वरचे आवरण जाड आणि आतला गाभा बारीक असल्याने ती भरभक्कम वाटत होती, इतकेच. अशा तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत ती ओढली आणि बाहेरची जाडी पाहून मोठा फ्यूज घातला, तर फ्यूज उडण्यापूर्वी तारच तापू लागते आणि आग लागू शकते. दारातल्या स्पीकरांना ती एक वेळ चालून गेली असती, पण तेही मी केले नाही. तिचे पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर ‘शुद्ध तांबे’ हे शब्द किंवा चौरस मिलिमीटरमधील गाभ्याचे माप नव्हते, ‘अ‍ॅम्प वायर, एक बंडल’ एवढेच लिहिले होते, आणि त्या वर्णनात अ‍ॅल्युमिनिअमची वायरही बसते हे दुकानदाराचे म्हणणे मला कागदावर खोडता आले नाही.