बीट पावडर घेताय? आधी नायट्रेटचा आकडा शोधा

रक्तदाबासाठी म्हणून खपणाऱ्या बीट पावडरींपैकी बऱ्याच डब्यांवर नेमकी हवी ती गोष्ट छापलेली नसते: एका चमच्यात नायट्रेट किती. रंग गडद असला म्हणजे नायट्रेट भरपूर, असं अजिबात नाही. रंग बीटालेन या रंगद्रव्याचा, रक्तदाब उतरवण्याचं काम नायट्रेटचं.

हे काम तोंडातून सुरू होतं. बीटमधलं नायट्रेट लाळेत उतरतं, जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं. त्याने रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. (याच वायूच्या शोधकार्याला 1998 चं नोबेल मिळालं.) म्हणून क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने रोज चुळा भरत असाल, तर पावडरीचे पैसे बरेचसे वायाच. जिवाणूच मरतात.

अभ्यासांमध्ये साधारण 300 ते 500 मिलिग्रॅम नायट्रेट दिलं जातं, परिणाम दोन-तीन तासांनी दिसतो. पावडरीत 1 टक्का नायट्रेट धरलं तर 5 ग्रॅमच्या चमच्यात फक्त 50 मिलिग्रॅम येतं. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (भर म्हणून घातलेली स्टार्चची भुकटी) असेल तर तो डबा सरळ परत ठेवा.

आकडा छापलेला असेल तरच घ्या; नाहीतर पालक आणि ताजं बीट बरं. उकडलंत तर पाणी फेकू नका, नायट्रेट त्यातच उतरतं. लघवी लालसर झाली तर घाबरू नका. मुतखडा असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही.