'शॉडी'ला मराठीत काय म्हणायचं, निकृष्ट की तकलादू?

इंग्रजीतला 'शॉडी' (shoddy), म्हणजे वरून बरा पण मुळात कच्चा, हा शब्द मराठीत आणताना गाडी बहुतेक वेळा या दोन शब्दांपाशी अडते. मी दोन्ही वापरलेत आणि हल्ली हात आपोआप तकलादूकडे जातो.

झालं असं की अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा एक मजकूर करत होते. १८६१ साली युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या सैन्याला घाईघाईत ढिगाने गणवेश हवे होते, आणि काही कंत्राटदारांनी शॉडी कापडाचे शिवून दिले, दिसायला कोरे करकरीत पण पावसात भिजले की फाटायचे. मी लिहिलं 'निकृष्ट दर्जाचे गणवेश'. ताईने वाचलं आणि म्हणाली, "अगं, निकृष्ट होते तर घेतले कशाला?" तिथेच माझं ठरलं. निकृष्ट म्हटलं की माल बघताक्षणी वाईट वाटतो, त्यात फसवणूक येतच नाही. शिवाय त्याच्यामागे 'दर्जाचा' चिकटतोच आणि वाक्य टेंडरच्या नोटिशीसारखं वाजायला लागतं. तकलादू लिहिलं आणि ताईचा प्रश्नच उरला नाही.

मुळात शॉडी हा शब्द हिणवणारा नव्हताच. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं, त्या मालाला शॉडी म्हणायला लागले. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून कापड दिसतं ठीक पण ताण सोसत नाही. मग युद्धात तेच कापड सैनिकांच्या अंगावर फाटलं आणि नामाचं विशेषण झालं, इतकं की कंत्राटांवर गब्बर झालेल्यांना 'शॉडी उमराव' अशा अर्थाने 'शॉडी अ‍ॅरिस्टोक्रसी' म्हणायचे. वरून झकपक, आतून काही नाही. तकलादूमध्ये मला नेमकं हेच ऐकू येतं.

अर्थात पुलाच्या चौकशी अहवालात निकृष्टच बरा, तिथे तीच भाषा चालते. माणसाला दिलेल्या शॉडी वागणुकीला मात्र दोन्ही चालत नाहीत, मी सरळ 'हलकी वागणूक' लिहिते, तुम्हाला वेगळं सुचत असेल तर ते घ्या.

आणि मजकूर पानिपतच्या कापडधंद्यावर असेल तर भाषांतर करूच नका. तिथे आजही जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात, आणि त्या सुताला शॉडीच म्हणतात, त्यात कसलाही कमीपणा नाही.