‘हलका ट्रिगर’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेले पिस्तूल

पहिले पूर्ण आकाराचे पिस्तूल घेताना माझी फसवणूक झाली. ती विक्रेत्याने केली यात शंका नाही, पण माझी कोणती सवय त्याच्या पथ्यावर पडली हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण एअर पिस्तुलावरून मोठ्या पिस्तुलाकडे वळणाऱ्या बहुतेक नेमबाजांना हीच सवय असते. मी काही वर्षे दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करत होते. त्या प्रकारात ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो आणि बहुतेक जण तो त्या मर्यादेच्या जरासा वर ठेवतात. म्हणजे माझ्या बोटाला अशा ट्रिगरची सवय झाली होती, जो मनात यावे आणि सुटावा इतका हलका असतो. पंचवीस मीटर सेंटर-फायर (काडतुसाच्या तळाच्या मधोमध आघात होऊन उडणाऱ्या गोळीच्या) प्रकारात मात्र हीच किमान मर्यादा १००० ग्रॅम आहे, आणि सैन्य किंवा पोलिसांसाठी घडवलेल्या ९ मिमी पिस्तुलांचा ट्रिगर तर घोडा (आपटून गोळी उडवणारा मागचा भाग) मागे चढलेला असतानाही साधारण दोन किलोंचा असतो. रेंजवर इतरांची अशी पिस्तुले हातात घेतली, तेव्हा प्रत्येक वेळी मला ट्रिगर जड वाटला, आणि ‘हलका ट्रिगर असलेले चांगले पिस्तूल हवे’ असे मी चार लोकांत बोलून दाखवू लागले. ते बोलणे योग्य त्या कानापर्यंत पोहोचले असावे.

बाकीची निवड मी विचारपूर्वक केली होती. काडतूस ९ मिमीच हवे हे ठरलेले होते, कारण ते सहज मिळते आणि त्याचा धक्का नवख्या माणसाला सांभाळता येतो. मोठ्या ४५ कॅलिबरच्या नादाला सुरुवातीलाच लागू नये असे प्रशिक्षकांनी बजावले होते. फ्रेम प्लास्टिकऐवजी धातूची हवी होती, कारण वजन जास्त असले की त्याच काडतुसाचा धक्का हाताला कमी जाणवतो आणि रेंजवर पिस्तूल दिवसभर कमरेला बाळगायचे नसल्याने वजनाचा त्रासही होत नाही. नळी लांब हवी होती. पूर्ण आकाराच्या पिस्तुलांत ती साधारण ११४ ते १२७ मिमी असते, आणि तिच्यामुळे माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा) व मागची खाच यांतले अंतर वाढते. हे अंतर १६० मिमी धरले, तर माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली तरी २५ मीटरवर गोळी दीडशे मिलिमीटरहून अधिक बाजूला जाते. आणि त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिमी व्यासाचे असते. हा हिशेब मी वहीत मांडून पाहिला होता. इतकी तयारी करून गेलेली व्यक्ती फसू शकते, म्हणूनच हे लिहीत आहे.

विक्रेता स्वतःला जुना नेमबाज म्हणवत असे. त्याने दाखवलेले पिस्तूल जर्मन बनावटीचे, काळेभोर आणि अगदी नवे दिसत होते. “ताई, तीन वर्षांपूर्वीचे आहे, तीनशे गोळ्यासुद्धा झालेल्या नाहीत. मला वेळच मिळत नाही,” असे त्याने सांगितले. पुरावा म्हणून त्याने लक्ष्याचा एक कागद पुढे केला. त्यावर पाच भोके इतकी जवळजवळ होती की चार तर एकमेकांत मिसळली होती. खाली ‘२५ मीटर’ असे पेनाने लिहिलेले होते. मग त्याने मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून, चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याचे दाखवून पिस्तूल माझ्या हातात दिले आणि ट्रिगर ओढून पाहायला सांगितले. तो ट्रिगर अलगद सुटला. माझ्या एअर पिस्तुलाची आठवण व्हावी इतका अलगद. “कारागिराकडून मुद्दाम मऊ करून घेतलाय, स्पर्धेसाठी,” तो म्हणाला. त्या क्षणी माझी बाकीची सगळी वही मिटली गेली. मी पिस्तूल उघडून दाखवायला सांगितले, तेव्हा आत्ताच तेल घातले आहे, तुमचे हात खराब होतील, असे म्हणून त्याने विषय टाळला. आणि दुसरा एक जण संध्याकाळी येणार आहे, हेही ओघात सांगितले. परवान्यावरची नोंद, कागदपत्रे, क्रमांकाची पडताळणी हे सगळे रीतसर झाले. कायद्याच्या बाजूने व्यवहारात काहीही खोट नव्हती, आणि त्यामुळेच मला वस्तूही निर्दोष वाटली.

पहिल्याच दिवशी रेंजवर दोन गोष्टी खटकल्या. गोळी सुटल्यावर बाहेर फेकली जाणारी काडतुसाची रिकामी पुंगळी सहसा दोन-तीन मीटरवर पडते. माझ्या पुंगळ्या त्याहून बऱ्याच लांब, शेजारच्या दोन लेन ओलांडून जात होत्या. शिवाय दोन मॅगझिनपैकी एकातून दर चार-पाच गोळ्यांमागे एक काडतूस वर तोंड करून अडकत होते. नवे पिस्तूल ‘बसायला’ वेळ लागतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी पाच काडतुसे भरून मालिका सुरू केली आणि दुसऱ्या गोळीला एकदा ट्रिगर ओढल्यावर एकापाठोपाठ दोन गोळ्या सुटल्या. पहिली कागदावर लागली. दुसरी, धक्क्याने पिस्तूल वर उचलले गेलेले असताना सुटल्यामुळे, मागच्या मातीच्या बांधाच्या अगदी वरच्या कडेत घुसली. रेंज अधिकाऱ्यांनी लगेच ‘स्टॉप, अनलोड’ असा हुकूम दिला. माझे हात इतके कापत होते की मॅगझिन काढायला त्यांनाच पुढे यावे लागले. बांधाच्या त्या कडेवर मातीचे जे लहानसे ढेकूळ उडाले होते, ते मी अजून विसरलेले नाही. कड आणखी एक वीत खाली असती तर ती गोळी कुठे गेली असती, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नव्हते.

रेंजच्या शस्त्रकारांनी ते पिस्तूल माझ्यासमोर टेबलावर पांढऱ्या कापडावर उघडले आणि एकेक भाग हातात देऊन समजावून सांगितला. घोडा मागे चढला की त्याच्या खाचेत सिअर नावाचा एक लहानसा पोलादी तुकडा अडकतो. ट्रिगर ओढल्यावर तो सुटतो आणि घोडा पुढे पडतो. ही पकड जितकी उथळ, तितका ट्रिगर हलका. कुशल कारागीर सिअर आणि खाच यांच्या भिडणाऱ्या कडा फक्त गुळगुळीत करतो, कोन बदलत नाही आणि पकडीची खोली राखतो. इथे मात्र कोणीतरी साध्या कानशीने घोड्याची खाच घासून जवळजवळ सपाट केली होती; भिंगाखाली कानशीचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्यावर स्प्रिंगही कापून आखूड केली होती. अशा पिस्तुलात स्लाइड (दर गोळीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) जोराने पुढे येऊन आदळली की नुसत्या हादऱ्याने घोडा निसटतो. कधी तो स्लाइडबरोबर हळूच खाली येतो आणि काहीच होत नाही. कधी पुरेशा जोराने पडतो आणि पुढची गोळी आपोआप सुटते. त्यांनी वजन टांगून मोजले तेव्हा ट्रिगर ६०० ग्रॅमच्या आसपास सुटला, म्हणजे ज्या स्पर्धेसाठी तो ‘मुद्दाम मऊ’ केला होता त्या स्पर्धेच्या तपासणीतच ते पिस्तूल बाद झाले असते.

मग वयाची गोष्ट निघाली. शस्त्रकारांनी नळीवरची आणि स्लाइडवरची चिन्हे विचारली. मला तिथे शिक्क्यांच्या शेजारी थोडे खरबरीत काळे ठिपके एवढेच दिसत होते. त्यांनी जुन्या टूथब्रशला सॉल्व्हंट लावून ती जागा घासली, तेव्हा काळा लेप निघाला आणि खालून दोन अक्षरे वर आली: के आणि डी. जर्मनीत प्रत्येक बंदूक-पिस्तुलाची सरकारी दाबचाचणी होते आणि शिक्क्यासोबत वर्ष अक्षरांत कोरले जाते. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असे करत डी म्हणजे तीन आणि, जे हे अक्षर वगळत असल्याने, के म्हणजे नऊ. के-डी म्हणजे त्र्याण्णव. तीन वर्षांपूर्वीचे म्हणून मी घेतलेले पिस्तूल १९९३ सालचे होते. वरचा काळा रंग नंतर चढवलेला होता, म्हणूनच कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि जिथे कारखान्यात कधी लेप देत नाहीत अशा स्लाइडच्या आतल्या पन्हाळीतही तो पसरला होता. रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड रोखून पुन्हा पुढे ढकलणारी) नव्या स्प्रिंगच्या शेजारी ठेवली तर कितीतरी आखूड पडली होती. पुंगळ्या लांब उडत होत्या त्या तिच्यामुळेच, आणि तिने न शोषलेला मार फ्रेमच्या पुढच्या टोकाला बसून तिथला धातू चेपला गेला होता. अडणारे मॅगझिन मूळ कंपनीचे नव्हतेच, आणि त्याचे काडतूस धरून ठेवणारे वरचे दोन ओठ फाकलेले होते.

लक्ष्याच्या त्या कागदाबद्दल मात्र मी स्वतः विचारले, कारण तो मी जपून ठेवला होता. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि लगेच खाली ठेवला. गोल टोकाची ९ मिमीची गोळी कागद ढकलत, फाडत जाते. भोकाच्या कडा आत वळलेल्या आणि चिरलेल्या राहतात. या कागदावरची भोके पंचने पाडावीत तशी स्वच्छ, कडा धारदार असलेली होती. असे भोक सपाट तोंडाची वॅडकटर गोळी पाडते, आणि ती सहसा ३२ किंवा ३८ कॅलिबरच्या खास लक्ष्यवेधी शस्त्रांत वापरतात. कॅलिपर लावल्यावर भोक आठ मिलिमीटरही भरले नाही. माझ्या पिस्तुलाने तो कागद कधी पाहिलाच नव्हता. या एकाच गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आला, कारण जुने पिस्तूल नवे म्हणून विकणारा माणूस कदाचित स्वतःही कुणाकडून फसलेला असू शकतो, पण दुसऱ्या शस्त्राचा कागद पुढे करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते.

विक्रेत्याला मी फोन केला तेव्हा त्याने आधी ओळख दाखवली, मग आवाज बदलला. “वापरलेले म्हणूनच घेतलेत ना? तीनशे गोळ्या असे मी कुठे लिहून दिले आहे?” त्याचे म्हणणे खरे होते, कुठेही लिहिलेले नव्हते. विक्रीच्या कागदावर फक्त क्रमांक, कॅलिबर आणि नावे होती. सिअर, घोडा, दोन्ही स्प्रिंगा आणि मॅगझिन बदलण्याचा खर्च खरेदीच्या रकमेच्या निम्म्याहून अधिक झाला, तोही माझ्याच खिशातून. आता त्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन किलोंच्या वर आहे आणि, हे मला मनापासून सांगावेसे वाटते, माझे गुण त्याने कमी झालेले नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे बोट झगडले. मग रोज घरी रिकाम्या पिस्तुलावर ड्राय फायरचा सराव केला, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. आणि सरळ मागे, एका लयीत येणारा दोन किलोंचा ट्रिगर माशी हलू न देता ओढता येतो हे कळले. जड वाटत होता तो भार नव्हे, माझी घाई.

काही महिन्यांनी माझ्या धाकट्या भावाने त्याचे पहिले पिस्तूल घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही शस्त्रकारांना सोबत नेले. पिस्तूल रिकामे असल्याची प्रत्येकाने स्वतंत्र खात्री केल्यावर त्यांनी घोडा मागे चढवला आणि अंगठ्याने मागून पुढे दाबला. तो जागचा हलला नाही. ट्रिगर ओढून तसाच धरून ठेवला आणि स्लाइड मागे ओढून सोडली. घोडा चढलेलाच राहिला आणि ट्रिगर सोडल्यावर तो पुन्हा लागल्याचा बारीक ‘टिक्’ आवाज आला. नळीतून उजेड पाहिला: आतल्या पिळांच्या कडा शेवटपर्यंत धारदार होत्या, मध्ये कुठे सावलीचे काळे वर्तुळ नव्हते, तसे वर्तुळ असले तर नळी आतून फुगलेली असते आणि तिथून पुढे पाहण्याची गरजच राहत नाही. फ्रेम, स्लाइड आणि नळी यांवरचे क्रमांक जुळत होते. भावाच्या बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर नीट बसत होते, हे त्यांनी त्याचा हात वळवून पाहिले. आणि मग रेंजवर पन्नास गोळ्या चालवून पाहू देण्याची विनंती केली. विक्रेती बाई वयस्क होत्या, त्यांच्या यजमानांचे ते पिस्तूल होते. त्यांनी कशालाच हरकत घेतली नाही.

शेवटी मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. त्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले की सुमारे चार हजार गोळ्या झाल्या आहेत, रिकॉइल स्प्रिंग एकदा बदलली आहे, ट्रिगरला कोणी हात लावलेला नाही आणि एक मॅगझिन मूळ नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि चौथ्या मुद्द्यापुढे कंस करून ‘हे मॅगझिन अडते’ असेही जोडले.