गाडी थरथरते, पिकअपही नाही: आधी प्लग-कॉइल बघायचं की पेट्रोलची लाइन?

थरथर आणि पिकअपची बोंब एकत्र आली, की पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा एखादा सिलिंडर मिसिंग करत असतो. चारांतला एक पेटलाच नाही तर इंजिनाची लय बिघडते आणि ताकदही घटते. दोन्हींपैकी एकच तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. ताशी ८०-१०० च्या आसपासच स्टिअरिंग थरथरतं आणि पिकअप ठणठणीत आहे? व्हील बॅलन्सिंग करा. आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही? क्लच प्लेट.

दोन्ही तक्रारी असतील तर संशयित मुख्यतः दोन: ठिणगी पाडणारा प्लग व त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल, किंवा पेट्रोलची लाइन.

प्लग-कॉइलचा दोष बहुधा एका सिलिंडरपुरता असतो. थरथर ठेक्यात येते, उभ्या गाडीतही जाणवते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की पी०३०१, पी०३०२ असा कोड दिसतो. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इथे एक फुकटची परीक्षा आहे. समजा पी०३०१ आला आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, एक नंबरची कॉइल दोन नंबरवर आणि दोनची एकवर बसवा, कोड पुसा, गाडी थोडी फिरवा. पी०३०१ जाऊन पी०३०२ आला तर कॉइलच गेली आहे. कोड जागचा हलला नाही तर हाच खेळ प्लगांचा करा. प्लग काढलाच आहे तर नीट बघा: टोक झिजलंय का, पांढऱ्या पोर्सिलेनला तडा आहे का, पेट्रोलने ओला आहे का. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये.

पेट्रोलची लाइन कमी पडली, म्हणजे फिल्टर तुंबला किंवा पंप थकला, की उपासमार सगळ्याच सिलिंडरांची होते. आयडलिंगला गाडी शांत, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम टाकते. कोड पी०३०० (मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही) किंवा पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) येऊ शकतो. मात्र पी०१७१ दिसला म्हणून लगेच पंप बदलू नका. इनटेकचा पाइप कुठे फाटून हवा खेचत असेल तरी हाच कोड येतो. तेव्हा आयडलिंग खराब असतं आणि रेस वाढवली की गाडी सुधारते. खात्रीसाठी फ्युएल प्रेशर मोजावं लागतं. दाबाखालचं पेट्रोल आहे, ते मेकॅनिकवरच सोपवा.

‘चढावरच झटके देते, म्हणजे पेट्रोलच’ हा सरसकट निष्कर्ष मला पटत नाही. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल नेमकी तिथेच मार खाते. लक्षणापेक्षा कोडवर विश्वास ठेवा.

माझा कौल आधी प्लग-कॉइललाच. अदलाबदल करायला पार्ट विकत घ्यावा लागत नाही आणि उत्तर स्पष्ट मिळतं. कॉइल, प्लग दोन्ही फिरवूनही कोड त्याच सिलिंडरवर अडला, तर मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा.

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, तिथे फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बोचे पाइप आधी.

आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तपासणी उद्यावर ढकलून गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो कायमचा बाद होऊ शकतो.